तोंडानं काढून दाखव

सलीमचा फोन आला तेव्हा गल्लीतले सगळे कापडाचे लूम चालू होते. सुरतेत आमच्या गल्लीत दुपारी फोनवर बोलायचं म्हणजे एक कान बोटानं बुजवायचा आणि समोरच्यानं दुसऱ्या कानात ओरडायचं. सलीम म्हणजे नांदेडच्या नसीमआपांचा भाचा, त्यांच्याजवळच राहणारा. एरवी तो फोन लावतो आणि लगेच आपांच्या हातात देतो. त्या दिवशी तो स्वतःच काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. "मोठ्यानं बोल रे बाबा," मी म्हटलं. तो पुन्हा बोलला, तेही लूममध्ये बुडालं. मी जिन्यात गेले, दार ओढून घेतलं आणि परत विचारलं. शेवटी त्या पोराला ओरडावं लागलं... "मौसी, खाला गेली!"

अशी बातमी कुणाला ओरडून सांगायची वेळ येऊ नये. वरच्या मजल्यावरच्या बाईनंसुद्धा ती ऐकली आणि माझ्याआधी तीच खाली आली.

दफन त्याच दिवशी झालं. सुरतेहून निघून मी नांदेडला पोचेपर्यंत माती झालेली असणार होती, म्हणून गेले नाही. आता काही आठवडे झाले. सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यामुळं हे लिहिताना हात बिचकतो. कानामात्रा चुकल्या तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण आपांबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे. त्यांच्या घराच्या दर्शनी खोलीवर जुनी पाटी होती, 'रेडिओ दुरुस्ती', आणि खाली त्यांच्या वडिलांचं नाव. वडील जाऊन किती वर्षं झाली होती. मागं बसून रेडिओ उघडत होत्या त्या आपा. पाटी बदला म्हटलं की म्हणायच्या, "राहू दे की. बाईनं केलं म्हटल्यावर लोक पुन्हा दुसरीकडं दाखवायला नेतात."

त्यांच्याकडं मी कशी पोचले ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. भूकंप झाला तेव्हा आम्ही लातूरकडं, त्या पट्ट्याच्या काठावरच्या एका गावात राहत होतो. माझं माहेर मुखेडकडचं, सासर तिथलं. दगडमातीचं घर. आमच्या घराची एक भिंत बाहेरच्या बाजूला पडली, म्हणून आम्ही वाचलो. शेजारच्या सखूकाकूंची आतल्या बाजूला पडली. एवढाच फरक. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाही. फक्त एक सांगते. हलायच्या आधी एक आवाज आला होता. लांबून भरलेला ट्रक यावा तसा, जमिनीच्या पोटातून. आमचे मालक ट्रकवर ड्रायव्हर होते आणि त्या दिवशी हैदराबादकडं गेलेले होते. मला झोपेत वाटलं, हेच आले. मी पोराला बाजूला सरकवून दार उघडायला उठले... आणि मग सगळं हललं.

ढिगाऱ्यातून जे निघालं त्यात एक घड्याळाचा रेडिओ होता. माझा थोरला भाऊ दुबईला गवंडीकामाला होता, त्यानं माझ्या लग्नात दिलेला. लाकडी रंगाची पेटी, एका बाजूला जाळी, दुसऱ्या बाजूला पाट्यांचं घड्याळ. मिनिट सरलं की एक बारकी पाटी टप् करून पडायची. काच तडकली होती, आत माती गेली होती, तरी लाईटला लावला तर चालू झाला. पण त्याच्यात एक घुं शिरला होता. बातम्या, गाणी, सगळ्यांच्या खाली एकसारखा घुं. आवाजाचं बटण पार कमी केलं तरी तो राहायचाच.

मालकांना नांदेडच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये काम मिळालं आणि आम्ही इतवाऱ्याजवळ आपांच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली. तिथं माझं असं झालं की मला आवाज सोसेना. पिठाची गिरणी सुरू झाली की मी पोराला उचलून रस्त्यावर. पुलावरून ट्रक गेला की रस्त्यावर. आणि खोलीत तो रेडिओ. बंद ठेवला तर घड्याळ बंद. आणि त्या शांत बसलेल्या खोलीत एकटं राहिलं की आवाजाहून जास्त भीती वाटायची. म्हणून लावायचा. लावला की घुं, आणि घुं आला की पायाखालची फरशी हलतेय असंच वाटायचं. मी फरशीवर तळवा टेकून बसायची. मालक म्हणायचे, "इमल, अशानं तू वेडी होशील गं." मलाही तेच वाटत होतं. वेडी झाले तर पोराचं काय, ही एकच काळजी होती मला.

शेवटी एका सकाळी एका कडेवर पोर आणि दुसऱ्या कडेवर रेडिओ घेऊन मी खाली गेले.

आपा पाटावर बसून चहा पीत होत्या. गोऱ्या, थोराड हाडाच्या, डोक्यावरचा पदर सारखा घसरणारा आणि तो सावरताना पण तोंड चालू. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. लग्न केलं नव्हतं. एकदा धीर करून विचारलं तर म्हणाल्या होत्या, "आली की स्थळं. लई आली. पण सगळ्यांत खरखर होती."

"काय झालं त्याला?" त्यांनी रेडिओकडं हनुवटी केली.

"आवाज येतो."

"मग मुका रेडिओ पायजे का तुला? कसला आवाज?"

"घुं करतो."

"असं सांगून न्हाई चालत. तोंडानं काढून दाखव."

मला वाटलं चेष्टा करतात. पण ती त्या दुकानाची रीतच होती. वडिलांपासूनची. वडिलांचं म्हणणं असं की यंत्र मेकॅनिकसमोर शहाण्यासारखं वागतं आणि घरी गेलं की पुन्हा तेच चाळे. म्हणून गिऱ्हाइकानं बिघाड तोंडानं काढून दाखवायचा, मगच झाकण उघडायचं. पुढं मी तिथं काय काय पाहिलं! पेन्शनर गुरुजी टोपी काढून, गाल फुगवून शिट्टी घालायचे, "असं, असं करतो बघा, विशेषतः शेतीच्या कार्यक्रमाला." एक पोलीस कोंबडीसारखा कटकट कटकट करायचा आणि आपा मान हलवून म्हणायच्या, "जरा बारीक काढा जमादारसाहेब, एवढा मोठा न्हाई तो. तुमचा सेट लहान हाय."

त्या दिवशी मला लाज वाटली. पण पोर मांडीवर झोपलेलं, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी डोळे मिटले आणि आवाज काढला. घशातून नाही, पोटातून निघाला तो. आधी बारीक, मग वाढत गेला, मग त्याच्यात गुडगुड आली, आणि तो थांबवायचा कसा ते मला कळेना. डोळे उघडले तेव्हा आपांच्या हातातला कप तसाच हवेत होता.

"इमल," त्या हळू म्हणाल्या, "हा रेडिओ न्हाई."

मी पोराच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

"कुणाचा हाय हा?"

तेव्हा मी सांगितलं. सखूकाकूंचं सांगितलं, ट्रकचं सांगितलं, दार उघडायला उठले ते सांगितलं. कुणालाच असं सलग सांगितलं नव्हतं. आपांनी ना 'अगं अगं' केलं, ना पाठीवर हात फिरवला. सगळं ऐकून घेतलं आणि रेडिओची पिन लावली. आवाज पार कमी केला. घुं राहिला.

"आता याचा काढ."

"काय?"

"तुझा तो झाला. आता याचा. यानं काय पाप केलं? ऐक आधी. आणि त्याच्यात तुझा आवाज मिळव. नीट मिळाला की तुझा तुला ऐकू यायचा न्हाई, त्याच्यात बुडून जाईल. तोपर्यंत काढत राहा."

आणि त्यांनी स्वतः सुरुवात केली. तोंड मिटून, नाकातून. मीही केली. माझा वर जायचा, खाली जायचा, थरथरायचा. दोन बायका भर सकाळी एका पेटीसमोर बसून घुं करतायत. दारातून भाजीवाला डोकावला. "आपा, काय चाललंय?"

"रियाज करून राहिलोत. मेथी कशी दिली?"

मी इतकी हसले की पोर जागं झालं. भूकंपानंतर मी हसले ती तेव्हाच. आणि हसून झाल्यावर पुन्हा केलं तेव्हा आवाज एकदम मिळाला. मी घुं करत होते, घशावर बोट ठेवलं तर घसा थरथरत होता, पण माझा आवाज मला ऐकूच येईना. पेटीत जाऊन बसला होता.

"मिळाला," आपा म्हणाल्या. "आता सांग. हा वाढतोय का?"

"नाही."

"जवळ येतोय का?"

"नाही."

"जिथं हाय तिथंच बसलाय. तुझा तो दुसरा होता, तो चालत येत होता. चालत येणाऱ्याला घाबरावं माणसानं. बसलेल्याला कायकू घाबरायचं?"

त्यानंतर किती तरी दिवस हाच धंदा. गिरणी सुरू झाली की आपा खालून ओरडायच्या, "इमल, गिरणी! काढ!" मी जिन्यात उभी राहून गिरणीचा आवाज काढायची. ट्रकचा काढायची. तो जवळ यायचा, पण मग लांब पण जायचा, हे मला त्याचा आवाज काढतानाच कळलं. पोरगं बोलायला शिकत होतं, ते आईच्या आधी गिरणी म्हणायला शिकलं.

इकडं रेडिओची दुरुस्ती चालूच होती. बटण कमी करूनही घुं राहतो म्हणजे खोट आतल्या विजेत आहे, वीज साफ करून पुढं देणारा कंडेन्सर सुकलाय, असं आपांचं निदान. तसा कंडेन्सर नांदेडात मिळेना. मालकांनी ट्रकच्या फेरीत हैदराबादहून आणला. तो चुकीचा निघाला. आपा त्यांना दाजी म्हणायच्या. "दाजी, मी वांगं सांगितलं, तुम्ही भोपळा आणला," म्हणून त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या फेरीत बरोबर आला. डाग देताना येतो तो राळेचा वास जिन्यातून वर आला तेव्हा मी समजले, आज लागला. संध्याकाळी आपांनी मला खाली बोलावून ऐकवलं. वडिलांच्या जाड लाकडी टेबलावर रेडिओ ठेवलेला. पाटी टप् करून पडली तेवढीच ऐकू आली. आपा हातांची घडी घालून म्हणाल्या, "मुंगी चालली तर ऐकू येईल आता."

मग स्वतःच तो वर घेऊन आल्या. मी दाखवलं त्या जागी ठेवला, पिन लावली. घुं! पहिल्यापेक्षा जरा कमी, पण घुं.

आपांचं तोंड पाहण्यासारखं झालं. पिन काढली, उलटी करून लावली. घुं. "तुझ्या खोलीतल्या लाईटीत खोट हाय."

"आपा, लाईट तर तुमच्याच घरची."

"मग जिन्न असल."

मालक नुकतेच आले होते, चप्पल पण काढली नव्हती. खाली काही अडकलंय का बघावं म्हणून त्यांनी रेडिओ दोन्ही हातांनी उचलला. आवाज बंद. खाली ठेवला. घुं. उचलला. बंद. मग लहान पोरासारखं त्यांनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि आपांकडं बघून हसायला लागले. रेडिओखाली आमची पत्र्याची ट्रंक होती. पेटीतला बारीकसा कंप ती झाकणभर मोठा करून गात होती.

"घ्या! मी इतके दिवस रेडिओ उघडून बसले," आपा कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आणि मेली ही गाऊन राहिली होती." हसता हसता त्या ट्रंकेपाशी बसल्या. मग त्यांचं हसू थांबलं. "ही दाराला लावून का ठेवलीय गं? येता-जाता पायाला लागते."

मालक म्हणाले, "कधी पळायचं झालं तर... म्हणून."

आपांनी झाकण उघडलं. आत सगळं भरलेलं. साड्या, पोराची झबली, रेशन कार्ड, दोन भांडी फडक्यात बांधून. आम्ही त्या खोलीत कितीतरी महिने राहत होतो आणि भिंतीतले कोनाडे तसेच रिकामे होते. रोज लागेल ते ट्रंकेतून काढायचं, धुवायचं, परत ट्रंकेत. रेडिओ वर ठेवायचा, म्हणजे एका झडपेत दोन्ही उचलता येतील. मी ते कुणाला बोलले नव्हते. ते आपोआप तसं झालं होतं.

"सामान लाव," आपा म्हणाल्या.

"उद्या लावते."

"न्हाई. रेडिओचा आवाज काढून टाका म्हणालीस ना? मग काढायचा तर असा निघल. रेडिओ ट्रंकेवरून उतरला पायजे."

मी मालकांकडं बघितलं. ते पोराला घेऊन खिडकीशी गेले. आपा ट्रंकेजवळ फतकल मारून बसल्या आणि एकेक वस्तू वर करून विचारू लागल्या, "हे कुठं? आणि हे?" मी कोनाडा दाखवत गेले. वरच्यात देव, खालच्यात भांडी, दोरीवर साड्या. पोराची झबली खुंटीला. ट्रंक रिकामी झाली तशी त्यांनी पायानं ढकलून खाटेखाली सारली. रेडिओ दाराजवळच्या कोनाड्यात, खाली पंच्याची घडी. पिन लावली. कान लावला तर अगदी बारीक, लांब कुठंतरी मधमाशी असावी तसा आवाज राहिला होता.

"हा काढता येतो," आपा म्हणाल्या, "पण पुन्हा उघडावा लागल."

"राहू द्या," मी म्हटलं. "बसलाय तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोराजवळ आडवी झाले ती दिवेलागणीलाच उठले. खोलीचं दार उघडं, खाली आपा राखणीला बसलेल्या. कुणी वर जाऊ नये म्हणून जिन्यातच पाट टाकून बसल्या होत्या. एका गिऱ्हाइकाला दबक्या आवाजात सांगत होत्या, "बिघाड काढून दाखवा, पण हळू. वर माणूस झोपलंय."

पुढं लातूरला क्लासेसची लाट आली. भोकर, लोहा, मुखेड, कुठून कुठून पोरं-पोरी येऊ लागल्या, घरं पाडून मजले चढू लागले, आणि मालकांचं ट्रकवरचं काम सुटल्यावर आम्ही तिथं मुलींसाठी मेस टाकली. ज्या जिल्ह्यातून जीव घेऊन निघाले होते तिथंच परत. आपांनी धीर दिला नसता तर गेले नसते. त्या एसटीनं भेटायला आल्या. आमच्या गच्चीवर उभ्या राहिल्या तर चारी बाजूंच्या खोल्यांतून पोरींचं पाठांतर चालू, नुसती घुं. "हे सगळं गाव काय करून राहिलंय?" त्या म्हणाल्या. "कुणी कंडेन्सर बदला रे यांचा."

एक लोह्याकडची पोरगी होती, डॉक्टरकीच्या परीक्षेला बसलेली. जेवायला यायची आणि ताटासमोर रडायची. काय होतंय विचारलं की "काही नाही काकू." मी तिला एकदा आत नेऊन म्हटलं, "सांगता येत नाही ना? मग तोंडानं काढून दाखव." ती बघतच राहिली. मग तिनं काढला... कडी लावल्याचा आवाज. कट्. वडिलांनी तिला खोलीवर सोडलं, तेव्हा जाताना चुकून बाहेरून कडी लावून गेले होते, ही आत. मी तिच्या खोलीची बाहेरची कडी काढून टाकायला लावली. ती पुढं पास झाली की नाही मला ठाऊक नाही. जेवू लागली, एवढं ठाऊक आहे.

मालक गेले. मुलाला सुरतेत काम लागलं आणि मी त्याच्यामागून इथं आले. इथली भाषा अजून नीट तोंडात बसत नाही. ओळखीचं असं गल्लीत कुणी नाही. आहे तो लूमचा आवाज, सकाळपासून. पहिल्यांदा आले तेव्हा पुन्हा फरशीवर तळवा टेकायची पाळी आली होती. आपांना फोन केला. "काढून दाखव," त्या म्हणाल्या. मी फोनवर खटाखट खटाखट करून दाखवलं. पलीकडून त्यांचं हसू आलं. "अगं, हा तर बसून खातो! घाबरू नको त्याला." तेव्हापासून आमचं बोलणं असंच. नांदेडात नवीन रिक्षा आल्या तर त्या मला रिक्षा काढून दाखवायच्या. मी त्यांना इथली कबुतरं.

शेवटचं बोलणं झालं तेव्हा त्यांना बरं नव्हतं. सलीम म्हणाला छातीत कफ आहे. मी विचारलं, "आपा, काय होतंय?" त्या म्हणाल्या, "काढून दाखवू का?" आणि त्यांनी आवाज काढला. आत येताना शिट्टी, बाहेर जाताना घरघर, मध्ये एक बारीक थांबा. इतका हुबेहूब की मला हसू आलं. मी म्हटलं, "गुरुजींच्या ट्रान्झिस्टरची आठवण झाली हो." त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "ठेव आता, तुझं बिल वाढल." फोन ठेवला आणि मी पोळ्या लाटायला बसले. लाटता लाटता हात थांबला. नक्कल करणारं माणूस नक्कल झाल्यावर थांबतं. त्या हसत होत्या तेव्हासुद्धा तो आवाज खालून चालूच होता... चालत येत होता.

रेडिओ माझ्याजवळ आहे. इथं कोनाडे नाहीत, म्हणून मुलानं भिंतीला फळी ठोकून दिली, तिच्यावर पंच्याची घडी टाकून ठेवलाय. घड्याळाच्या पाट्या आता मध्येच अडकतात. आणि घुं पुन्हा मोठा झालाय, कंडेन्सर परत सुकला असणार. मुलगा म्हणतो, इथं चांगले मेकॅनिक आहेत, दाखवून येऊ. दाखवायला हरकत नाही. पण ते विचारणार, काय होतंय? आणि मी सांगायला तोंड उघडलं की त्यांना वाटणार, बाईला काय झालं!

आठवड्यातून एक दिवस लूम बंद असतात. त्या दुपारी गल्ली एवढी शांत होते की इथल्या लोकांनाच चुकल्यासारखं होतं. तेव्हा मी दार लोटून घेते, रेडिओ लावते, बटण पार कमी करते आणि त्याच्यासमोर बसते. तोंड मिटून, नाकातून, त्यांनी शिकवला तसा काढते. आधी वर जातो, खाली जातो, थरथरतो. मग मिळतो. घशावर बोट ठेवलं तर घसा थरथरत असतो, पण माझा आवाज मला ऐकू येत नाही. तरी समोर कुणीतरी घुं करत असतं. मला दम लागतो, मी थांबते. पलीकडचं थांबत नाही.